तोंड उघडं राहावं म्हणून

सकाळी ६

माझं काम फोनने सुरू होतं. रेडिओथेरपी संपवून गावी गेलेले पेशंट सकाळीच गाठावे लागतात. एकदा माणूस रानात गेला की दिवेलागणीपर्यंत हाती लागत नाही. कन्नड, वैजापूर, अंबड, गेवराई, पाथरी, मेहकर अशा सगळ्या दिशांना फोन जातात आणि प्रश्न ठरलेले असतात. झोप लागली का? व्यायामाच्या लाकडी काड्या दातांत किती बसल्या? भाकरी कुस्करून जाते की अजून पेजच चालू आहे? रात्रभर न हललेला जबडा सकाळी ताठ असतो, म्हणून दिवसातला पहिला व्यायाम चहाच्या आधी करायचा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पलीकडून बहुतेक वेळा घरातली बाई बोलते. "बसल्या मॅडम, कालच्याइतक्याच बसल्या." एवढं ऐकलं तरी मला बरं वाटतं. या दुखण्यात आहे ते टिकवणं हीसुद्धा कमाई असते.

मी दंतवैद्य आहे आणि मुखरोग हा माझा विषय. छत्रपती संभाजीनगरमध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे जे पेशंट येतात, त्यांच्या दोन त्रासांची मी नोंद ठेवते. रेडिओथेरपीला आमच्याकडे सगळे 'शेक' म्हणतात. शेक चालू असताना तोंडाच्या आतलं अस्तर सोलवटतं, जखमा होतात, तो पहिला त्रास; डॉक्टर त्याला म्यूकोसायटिस म्हणतात. शेक संपल्यावर काही महिन्यांत जबडा आखडत जातो आणि तोंड उघडेनासं होतं, तो दुसरा. त्याचं नाव ट्रिसमस. पुस्तकांत ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. रोज तोंडं पाहणाऱ्या माणसाला ती एकाच साखळीच्या कड्या दिसतात. दुखतं म्हणून माणूस तोंड हलवणं थांबवतो, हालचाल थांबली की स्नायू आखूड होतात, आणि त्या आखूड झालेल्या स्नायूंत शेकामुळे तंतू भरत जातात. म्हणजे जबडा वाचवण्याचे दिवस नेमके तेच असतात, ज्या दिवसांत तोंड सगळ्यात जास्त दुखतं. माझ्या कामाचं सगळं वजन या एका गोष्टीवर आहे.

सकाळी ८

शेकाच्या खोलीबाहेर रांग लागलेली असते. तोंडाच्या कर्करोगात साधारण ६० ते ७० ग्रे एवढा डोस द्यायचा असतो आणि तो रोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातले ५ दिवस, असा ६ ते ७ आठवड्यांत विभागून देतात. प्रत्यक्ष मशीनखाली माणूस काही मिनिटंच असतो. बाकीचा दिवस प्रवासात आणि वाट पाहण्यात जातो. त्या वाट पाहण्याच्या वेळात मी टॉर्च आणि वही घेऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसते.

पहिल्या आठवड्यातला माणूस निवांत असतो. "काहीच होत नाही मॅडम, फोटो काढल्यासारखंच आहे," असं म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात गालाच्या आत लाली येते, चहा गरम लागू लागतो, भाजीतली मिरची टोचते. तिसऱ्या आठवड्यात जिभेच्या कडेला आणि गालाला पांढुरका थर धरतो. तो थर निघाला की खाली ओली जखम दिसते. मग बोलणं कमी होतं, लाळ घट्ट होते, माणूस रुमाल तोंडाशी धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेची एक साधी मोजपट्टी आम्ही वापरतो. काहीच नसेल तर ०. लाली आणि हुळहुळ असेल तर १. जखमा आहेत पण घास जातो, तर २. फक्त पातळ जातं, तर ३. तोंडाने काहीच जात नाही, तर ४. वहीत मी हा आकडा लिहिते आणि शेजारी त्या दिवशी माणसाने काय खाल्लं तेही लिहिते. २ आणि ३ यांच्यातला फरक जखमेपेक्षा ताटावर लवकर कळतो.

ही जखम वरून भाजल्यामुळे होते, असं फार वर्षं समजलं जायचं. अमेरिकेतले मुखरोगतज्ज्ञ स्टीफन सोनिस यांनी २००४ मध्ये तिचे ५ टप्पे मांडले आणि विचाराची दिशा बदलली. किरणांचा पहिला आघात अस्तराच्या खालच्या थरातल्या पेशींवर होतो. तिथून दाहाचे संदेश सुटतात, ते एकमेकांना वाढवत नेतात, मग जखम उघडी पडते आणि शेवटी भरून येते. म्हणजे तोंड वरून गुलाबी दिसत असतं तेव्हाच आत खटाटोप सुरू झालेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून काळजी घ्यायची, जखमेची वाट पाहायची नाही.

ही काळजी दिसायला अगदी साधी आहे. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा खळखळून चूळ भरायची. लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात घासायचे. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश बंद करायचं. दुखायला लागलं की वेदनेचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं आणि वेळच्या वेळी घ्यायचं. पुष्कळ पेशंट गोळी वाचवून ठेवतात. "लई दुखलं तर घेईन" म्हणतात. त्यांना मी रोज तेच सांगते. गोळी घेतली तर घास जाईल, घास गेला तर वजन टिकेल आणि जबडाही हलेल. गोळीची लाज बाळगायचं काही कारण नाही.

सकाळी ९:३०

आता नवे पेशंट. केसपेपर काढून, बायोप्सीचा रिपोर्ट पिशवीत घालून आलेले असतात. मला त्यांच्याकडून शेक सुरू होण्याआधीचं एक माप हवं असतं. ते एकदा हुकलं की पुन्हा मिळत नाही.

संमतीपत्र आधी मोठ्याने वाचून दाखवते. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा घेते, पण त्याआधी माणसाकडून उलट वदवून घेते की आपण काय करणार आहोत. "माझं तोंड मोजणार, शेक झाल्यावर परत मोजणार, नाही म्हटलं तरी औषध थांबणार नाही," हे त्याच्या तोंडून आलं की मगच सही.

मग माप. माणसाला ताठ बसवायचं, डोकं भिंतीला टेकवायचं. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत व्हर्नियर कॅलिपर लावायचा. "दुखेपर्यंत उघडा" म्हणायचं नाही, "जमेल तेवढं मोठ्ठं उघडा" म्हणायचं. तीनदा मोजायचं, मध्ये थोडी विश्रांती द्यायची. पुढचे दात नसतील तर हिरडीपासून हिरडीपर्यंत मोजायचं आणि तसं स्पष्ट लिहायचं, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा कोणी कवळीवरून मोजेल आणि आकडे जुळणार नाहीत. कॅलिपर नसेल तिथे त्या माणसाचीच बोटं वापरता येतात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात.

आमच्या भागात मात्र अनेकांच्या तोंडात ती जात नाहीत, आणि इथेच परदेशातल्या संशोधनाची आणि आमची वाट वेगळी होते. नेदरलँड्समधल्या डाइकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निकष मांडला की तोंड ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उघडत असेल तर त्याला ट्रिसमस म्हणावं. निकष चांगला आहे, जगभर वापरला जातो. पण माझ्यासमोर बसलेला पस्तिशीतला रिक्षावाला उपचाराआधीच दोन बोटांवर आलेला असतो. वर्षानुवर्षं गुटख्याची पुडी गालात धरून गालाच्या आतला भाग पांढरा पडलेला असतो. हाताला आडव्या-उभ्या दोऱ्या लागतात. पावसात भिजून उन्हात वाळलेल्या चामड्याच्या वहाणेसारखा तो गाल लागतो. मुंबईतले कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतातून या रोगाचं वर्णन केलं. आज त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतलं अरेकोलिन कोलॅजन वाढवतं, सुपारीतल्या तांब्यामुळे ते कोलॅजन आणखी घट्ट विणलं जातं, आणि ते मोडून काढण्याचं शरीराचं काम मंदावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी माझ्या वहीतल्या 'सवय' या रकान्यात तो शब्द आजही लिहावा लागतो. बायकांच्या रकान्यात मशेरी येते, तंबाखू-चुना येतो.

ज्याचं तोंड आधीच २२ मिलिमीटर उघडतं, त्याला ३५ चा निकष काय सांगणार? तो पहिल्या दिवशीच नापास. अशा माणसाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या मापातून किती गेलं, हे मोजायला हवं. २२ चे २१ राहिले तर उपचार जिंकले, २२ चे १२ झाले तर हरले. म्हणून पहिलं माप माझ्या वहीत लाल शाईने असतं.

याच भेटीत दात पाहते. किडके, हलणारे दात शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढावे लागतात, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दात काढला तर हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो. पेशंटला ही गोष्ट विचित्र वाटते. "मॅडम, गाठ गालात आहे, दात कशाला काढता?" त्याला समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी देते.

सकाळी ११:३०

प्लॅनिंगच्या खोलीत फिजिसिस्ट पडद्यावर सीटी स्कॅनचे काप उघडून बसलेले असतात. पेशंटच्या चेहऱ्यावर बसणारा प्लास्टिकचा जाळीदार मास्क आधीच तयार असतो. गाठीच्या जागेभोवती एक रेषा, धोका असलेल्या भागाभोवती दुसरी. मी आग्रह धरते तो चघळण्याच्या स्नायूंचा. गालफडावरचा मॅसेटर, जबड्याच्या आतल्या बाजूचे टेरिगॉइड, कानशिलावरचा टेम्पोरालिस. त्यांच्याभोवतीही रेषा काढा, त्यांना किती डोस जातो ते लिहून ठेवा.

हा आग्रह हवेतला नाही. रॉटरडॅमच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की टेरिगॉइड स्नायूला जाणाऱ्या डोसमध्ये दर १० ग्रे वाढीमागे ट्रिसमसची शक्यता २४ टक्क्यांनी वाढते. गाठ त्या स्नायूला चिकटलेलीच असेल तर डोस कमी करता येत नाही. तिथे जीव वाचवणं पहिलं. पण कितीदा तरी दुसऱ्या बाजूचा स्नायू विनाकारण डोसात येतो आणि रेषा काढलेली असली की तो वाचवता येतो. जो भाग पडद्यावर आखलेलाच नाही, त्याची काळजी संगणक घेत नाही.

दुपारी १२:३०

व्यायामाचा तास. शेक घेऊन झालेले, शेकाची पाळी यायची असलेले आणि ऑपरेशनचे टाके नुकतेच निघालेले, सगळे एकत्र बसतात. सोबत बायको, मुलगा, भाऊ, जो कोणी असेल तो. नातेवाइकाला शिकवणं तितकंच गरजेचं असतं. घरी गेल्यावर तोच आमची जागा घेतो.

जबडा उघडण्यासाठी परदेशात खास यंत्रं मिळतात. ती चांगली आहेत, पण आमच्या पेशंटच्या आवाक्यात नाहीत. आम्ही लाकडी काड्या वापरतो, डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या. एका काडीची जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर. जेवढ्या काड्या दातांमध्ये सहज बसतात तेवढ्यांचा गठ्ठा करायचा, वर स्वच्छ फडकं गुंडाळायचं, दातांत धरायचा. मग दोन काड्यांच्या मध्ये आणखी एक काडी हळूहळू सरकवायची. गालात ताण जाणवला की थांबायचं. ३० सेकंद धरायचं, सोडायचं. असं पाचदा. आणि हे सगळं दिवसातून पाच वेळा. त्याशिवाय जबडा डावीकडे, उजवीकडे, पुढे सरकवायचा, आणि बोटांनी गालफड चोळायचं.

आज एक मामा पाचव्या आठवड्यात आहेत. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या आहेत, आत जखमांचा आकडा ३ आहे. कालपासून त्यांनी काड्या हातात घेतल्या नव्हत्या. "आग व्हायलीय नुसती. आता हे शेक संपू द्या, मग करतो."

मी ओठांना व्हॅसलिन लावते. जीभ बधिर करणाऱ्या जेलीचा घोट तोंडात फिरवून थुंकायला सांगते, पाच मिनिटं थांबते. मग कालच्यापेक्षा दोन काड्या कमी घेऊन गठ्ठा त्यांच्या हातात देते. आज वाढवायचं नाही, फक्त धरायचं. मामांच्या कपाळावर घाम येतो. त्यांची मुलगी मोबाइलवर सेकंद मोजते. तिसाव्या सेकंदाला ते गठ्ठा काढतात, डोळे पुसतात आणि पुन्हा लावतात. पाचही वेळा करतात.

शेवटच्या आठवड्यांतली ही दोन-तीन मिनिटं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. या दिवसांत कोणी काड्या ठेवून दिल्या तर जखमा भरेपर्यंत शेक संपल्यानंतरचेही काही आठवडे जातात. तोवर स्नायू आखूड झालेला असतो. मग त्याला पूर्वीच्या जागी आणायला महिने लागतात आणि कधी तो येतच नाही.

दुपारी २

डबा खाताना आहारतज्ज्ञ ताई आणि मी सकाळच्या वजनांची यादी पाहतो. ज्याचं वजन उतरलं त्याच्या ताटाचा विचार करायचा. आमच्याकडचा माणूस ज्वारीच्या भाकरीवर आणि ठेच्यावर वाढलेला. त्याला 'सॉफ्ट डाएट' असं लिहून दिलं तर तो चहात बिस्किट बुडवून दिवस काढतो. म्हणून नावानिशी लिहितो. भाकरी दुधात भिजवून, मिक्सरमधून काढून. मुगाचं वरण आणि मऊ भात, वर चमचाभर तूप. नाचणीचं सत्त्व. सातूचं पीठ दुधात. अंडं चालत असेल तर उकडून, कुस्करून. शेंगदाण्याचं कूट बारीक वाटून पेजेत. लिंबू, टोमॅटो आणि आंबट ताक जखमा भरेपर्यंत बंद. तेवढंही जात नसेल तर नाकातून नळी. नळी म्हटलं की घरचे घाबरतात, 'शेवट आला' असं समजतात. त्यांना सांगावं लागतं की नळी थोड्या आठवड्यांची असते आणि ती असली तरी तोंड उघडण्याचा व्यायाम चालूच ठेवायचा असतो. किंबहुना तेव्हा तो दुप्पट लागतो, कारण चघळणं बंद झालेलं असतं.

दुपारी ३

वाचनाचा तास. नवं काय आलं ते पाहते, जुनं पुन्हा तपासते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेला एक अभ्यास माझ्या टेबलावर कायम असतो. ज्यांना सिस्प्लॅटिन हे नेहमीचं औषध झेपत नाही अशा ३५६ पेशंटांवर तो झाला. अर्ध्यांना नुसता शेक दिला, अर्ध्यांना शेकासोबत डोसेटॅक्सेल. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. ज्यांच्यासाठी हाती फारसं काही नव्हतं त्यांना हा मोठाच आधार आहे. त्याच अभ्यासात तोंडाच्या गंभीर जखमांचं प्रमाण २२.२ टक्क्यांवरून ४९.७ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. उपचार जसजसे प्रभावी होतील तसतशी जास्त माणसं वाचतील आणि त्यातल्या जास्त जणांना तोंडाच्या जखमांमधून जावं लागेल. म्हणजे आमचं काम वाढणार आहे, आणि ते वाढावं, कारण त्यामागे वाचलेली माणसं आहेत.

प्रतिबंधाच्या बाबतीत थोडी आशा आहे. मंद लाल प्रकाशाच्या लेझरने तोंडाच्या जखमा कमी होतात, याचे पुरावे गेल्या वीसेक वर्षांत जमत गेले. कर्नाटकातल्या मणिपालमधल्या फिजिओथेरपिस्टांनी त्यात मोलाची भर घातली. २०२० मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या उपायाची शिफारस आहे. तिथेच बेन्झिडामाइनच्या चुळांचीही शिफारस आहे, तर नेहमीचं क्लोरहेक्सिडीन या जखमा टाळण्यासाठी वापरू नये असं म्हटलंय. लेझरचं यंत्र सगळीकडे नाही. मीठ-सोड्याचं पाणी सगळीकडे आहे. जे आहे ते रोज, न चुकता व्हावं, यासाठी मी धडपडते.

जबड्याच्या बाबतीत एक जुना आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देते. तैवानमध्ये नाक-घशाच्या कर्करोगाच्या पेशंटांचं तोंड शेकानंतर पहिल्या ९ महिन्यांत दर महिन्याला सरासरी २.४ टक्क्यांनी कमी उघडत गेलं आणि ४ वर्षांनी ते ३२ टक्क्यांनी कमी झालेलं होतं. २.४ टक्के म्हणजे ४० मिलिमीटरच्या तोंडात एक मिलिमीटरसुद्धा नाही. एवढा फरक आरशात दिसत नाही, घासातही कळत नाही. कळतो तेव्हा बरेच महिने निघून गेलेले असतात. म्हणून मोजायचं.

दुपारी ४:३०

परत आलेल्यांची ओपीडी. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांना उपचारासाठी मुंबई नाहीतर बार्शी गाठावी लागे, आणि एवढ्या लांब परत दाखवायला जाणं अनेकांना जमत नसे. आता शहरात सोय आहे, तरी हिंगोलीहून एसटीने यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. तरी जे येतात त्यांना मी कधीच रांगेत ताटकळत ठेवत नाही.

एक आज्जी येतात. मशेरीची सवय होती, गालाचं ऑपरेशन झालं, शेक झाला. सुरुवातीला ३० मिलिमीटर होतं, आज २९. सूनबाईने काड्यांच्या जागी घरच्या लाकडी चमच्याची दांडी वापरून पाहिली होती. मी ती बदलायला सांगते, दातांवर ताण येतो. आज्जी सांगतात, "आता भाकरीचा तुकडा जातोय बघ बाई, मऊ करून. पण जातोय."

त्यांच्यानंतर चाळिशीचा एक शिक्षक. उपचार दुसरीकडे झाले, कर्करोगाचा मागमूस नाही, आणि तोंड १४ मिलिमीटर. व्यायामाबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दाढ किडली आहे, पण माझा आरसा आत जात नाही. ब्रशने ते पुढचे दात घासतात, मागचे तसेच राहतात. वर्गात शब्द स्पष्ट येत नाहीत म्हणून त्यांनी शाळेत कार्यालयाचं काम मागून घेतलं आहे. घरात पंगत बसली की हे वेगळे जेवतात. १४ मिलिमीटर या आकड्यात हे सगळं मावलेलं असतं. त्यांचा व्यायाम आजपासून सुरू करतो. फिजिओथेरपी, काड्या, गरज पडली तर पुढे भूल देऊन काही करता येईल का याचा विचार. जे मिळेल ते मिलिमीटर-मिलिमीटरने मिळवायचं. पण दीड वर्षापूर्वी सुरुवात झाली असती तर हा माणूस आज वर्गात असता.

संध्याकाळी ६:३०

दिवसभराची वही संगणकावर चढवते. रकाने साधे आहेत. सवय, गाठीची जागा, ऑपरेशन, डोस, स्नायूंना गेलेला डोस, दर आठवड्याचा जखमांचा आकडा, वजन, मिलिमीटर, काड्या. काड्यांचा रकाना फोनसाठी ठेवला. गावातल्या माणसाकडे कॅलिपर नसतो, पण आम्ही दिलेल्या काड्या असतात. त्याने 'बारा बसल्या' म्हटलं की मला अंदाज येतो, आणि पुढच्या महिन्यात 'दहा' म्हटलं की लगेच बोलावून घेता येतं.

सगळ्यात जास्त त्रास रिकामे रकाने देतात. बीड आणि जालन्याकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या फडावर फोन लागत नाही, नंबर बदललेला असतो, आणि शेकानंतरच्या पहिल्या नऊ महिन्यांतले बरेच त्यातच निघून जातात. रिकामा रकाना म्हणजे 'ठीक असेल' असं मी धरत नाही. आलेल्यांवरूनच निष्कर्ष काढला तर आमचे आकडे खऱ्यापेक्षा चांगले दिसतील. म्हणून गावातल्या आशाताईंना फोन करते. त्यांना पाड्यावरचा, तांड्यावरचा माणूस माहीत असतो. त्यांच्यामुळे कितीतरी रकाने भरले आहेत. तोंड मोजायला त्यांना दोन मिनिटांत शिकवता येतं. हे काम गावोगावी त्यांच्या यादीत आलं तर मराठवाड्यातल्या जबड्यांचं खरं चित्र समोर येईल.

रात्री ८

शेवटचं काम उद्याच्या नव्या पेशंटांची यादी. प्रत्येक नावापुढे मी एक मोकळा चौकोन काढते, शेकाआधीच्या मापासाठी.

भारतातल्या पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो. हे वाचणाऱ्या कोणाच्याही घरात, भावकीत किंवा गल्लीत असा माणूस निघू शकतो. त्याच्यासोबत दवाखान्यात जाल तेव्हा पहिल्या शेकाआधी डॉक्टरांना विचारा: तोंड किती मिलिमीटर उघडतं, आणि ते कुठे लिहिलंय? दात कोण तपासणार? व्यायाम कोण शिकवणार आणि कधीपासून? 'शेक संपल्यावर बघू' असं उत्तर आलं तर आदराने, पण ठामपणे सांगा की आम्हाला आजपासून शिकवा. जीव वाचवणारे उपचार आज आपल्या शहरात आहेत. वाचलेल्या माणसाला चारचौघांत बसून जेवता यावं, लेकराला नावाने हाक मारता यावी, हाही त्याच उपचाराचा भाग आहे, आणि तो पहिल्या मापाने सुरू होतो.